कॅफे निवडताना आधी कप तपासा, मग खुर्ची

स्टारबक्स, थर्ड वेव्ह, ब्लू टोकाई, कॅफे कॉफी डे यांपैकी कॉफी कुणाची चांगली हे ठरवायचं, तर सगळीकडे एकच गोष्ट मागवा: सर्वांत लहान गरम कॅपुचिनो, साखर न घालता. थंड फ्रॅपेमध्ये बर्फ आणि सिरपचीच चव लागते, बिया कशाही असोत. मोठ्या कपाला भुलू नका. स्टारबक्सच्या ३५४ मिलीच्या ‘टॉल’ कपातल्या गरम लाटे कॉफीत एस्प्रेसोचा, म्हणजे कडक कॉफीच्या अर्काचा, साधारण एकच शॉट असतो, बाकी दूध. घरी न्यायला बिया घेणार असाल तर पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. ब्लू टोकाई ती छापतं.

बसायची सोय मात्र ब्रँडवर नाही, शाखेवर ठरते. पुण्यात बाणेरची शाखा आवडली म्हणून एफसी रोडची आवडेलच असं नाही. लॅपटॉप घेऊन बसणार असाल तर ज्या वेळी खरोखर जाणार, त्याच वेळी एकदा चक्कर मारा. प्लग पॉइंट, टेबलाची उंची, एसीचा झोत कुठे येतो ते पाहा. खोल सोफा गप्पांना झकास, टायपिंगला पाठीची वाट लावणारा.

आणि नुसती कॉफीच प्यायची असेल तर सरळ एफसी रोडवरच्या ‘वैशाली’ हॉटेलात फिल्टर कॉफी घ्या. फक्त रेंगाळू नका, टेबलासाठी लोक ताटकळत असतात.