आयरिश ओट्स-क्रीम घरी करायचंय? मग ओट्स भाजण्यात कंजूसपणा नको

आयर्लंडमध्ये ओट्स म्हणजे फक्त सकाळची लापशी नाही, भाजलेले ओट्स, क्रीम, मध आणि थोडी आयरिश व्हिस्की असं साधंच पण भारी डेझर्टही होतं, स्कॉटलंडचं क्रॅनाकन याचं अगदी जवळचं नातेवाईक.

चार जणांसाठी 60 ग्रॅम स्टील-कट ओट्स (अख्ख्या दाण्याचे कापलेले तुकडे) घ्या, मिक्सरला एक-दोनदाच फिरवून जाड रव्याइतके करा, नाहीतर दाताखाली खडे लागल्यासारखे वाटतात. इन्स्टंट ओट्स अजिबात नको, त्याचा चिखल होतो. आता कोरड्या कढईत मंद आचेवर 8-10 मिनिटं हलवत भाजा, खमंग वास आणि बदामी रंग यायलाच हवा, सगळी चव इथेच आहे हो. आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतल्या मॅक्रूम गावच्या जुन्या गिरणीतले ओट्स दळायच्या आधीच भाजतात, म्हणून त्यांची चव इतकी खोल लागते. भाजून झाले की पूर्ण गार करा, गरम घातले तर क्रीम वितळलंच समजा.

क्रीम 300 मिली, 35 टक्क्यांच्या वर फॅटवालं आणि थंडगार, आपल्याकडचं 25 टक्केवालं पाकीट कितीही फेटलं तरी फुगत नाही. फेटताना मऊ शिखरं आली (बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक हलकंसं वाकतं) की थांबा, मग 2 चमचे मध, 2 चमचे व्हिस्की (नको असेल तर सरळ वगळा), चिमूटभर मीठ. ओट्स अगदी वाढताना हलक्या हाताने मिसळा म्हणजे कुरकुरीत राहतात, वरून रासबेरी किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. मऊसर आवडत असेल तर तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मला मात्र कुरकुरीतच आवडतं.