निवृत्त अधिकाऱ्याला सल्लागार नेमताना: मानधन कसं काढायचं

केंद्र सरकारच्या आरोग्य कार्यालयात निवृत्त अधिकाऱ्याला सल्लागार म्हणून घ्यायचं असेल, तर टिपणीत आधी काम येऊ द्या, नाव नंतर. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १७८ नुसार काम आणि ते पुरं करण्याची मुदत, दोन्ही नेमकं ठरलेलं लागतं. ‘प्रशासकीय कामात साहाय्य’ एवढंच लिहिलंत तर फाइल परत येईल, आणि यायलाच हवी. ‘लससाठ्याच्या नोंदींची तपासणी, सहा महिन्यांत अहवाल’ असं लिहिलं की काम झालं की नाही हे निदान तपासता तरी येतं. पद रिकामं आहे म्हणून सल्लागार हवा, हे कारण लंगडं; पद भरण्याची फाइल मग वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

मानधनाला अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाचं ९ डिसेंबर २०२० चं ज्ञापन लागू होतं. निवृत्तीच्या वेळच्या वेतनातून मूळ पेन्शन वजा करायचं. उरेल ते मासिक मानधन. कराराच्या मुदतीत ते बदलत नाही. वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पेन्शनच्या आकड्यात. समजा, शेवटचं मूळ वेतन १,०२,८०० रुपये आणि मूळ पेन्शन ५१,४०० रुपये. मानधन झालं ५१,४००. पण अधिकाऱ्यानं ४० टक्के पेन्शन विकलेलं, म्हणजे त्या भागाचे पैसे एकरकमी घेतलेले असतील, तर बँकेत मूळ पेन्शनपैकी ३०,८४०च जमा होतात. बँकेचं पासबुक बघून तोच आकडा वजा केला तर मानधन ७१,९६० निघतं, म्हणजे महिन्याला २०,५६० आणि वर्षाला २,४६,७२० रुपये जादा. लेखापरीक्षणात ही वसुली निघते. विकलेला भागही वजा करायचाच असतो, म्हणून पासबुक नको, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत मागा.

पहिली नेमणूक जास्तीत जास्त एक वर्षाची. पुढे मुदतवाढ मिळू शकते, पण निवृत्तीनंतर पाच वर्षं उलटली की कोणत्याही कारणानं नाही. टिपणीत निवृत्तीची तारीख ठळक लिहा. मुदतवाढीच्या वेळी ती कुणी शोधत बसत नाही, आधीच्या आदेशाची नक्कल करून मोकळे होतात.

वाहतूक भत्ता ठरावीक रकमेचा, निवृत्तीच्या वेळच्या दरापेक्षा जास्त नाही. रजा पुऱ्या झालेल्या प्रत्येक महिन्यामागे दीड दिवस. उरलेली पुढच्या कॅलेंडर वर्षात नेता येत नाही, हे आदेशातच लिहून टाका.