बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीचा कार्बोरेटर गळतोय? बदलायच्या आधी हे करून बघा

जूनला पाऊस लागला की शेडात लावलेली दुचाकी दिवाळीला बाहेर काढायची, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि दोन मिनिटांत इंजिनखाली पेट्रोल टपटप सुरू, हे कोल्हापुरात लई घरात होतं. मग कोणीतरी सांगतं कार्बोरेटरच (इंजिनाला पेट्रोल हवेत मिसळून देणारा भाग) बदला. माझं स्पष्ट मत आहे, घाई करू नका, बहुतेक वेळा कार्बोरेटर चांगलाच असतो, आत येणारं पेट्रोल अडवणारी छोटी सुई, म्हणजे नीडल, फक्त धरत नसते, आणि जुना ओरिजिनल साफ करून बसवलेला स्वस्तातल्या लोकल नव्यापेक्षा कधीही भारी चालतो.

होतं काय, तर कार्बोरेटरखालच्या वाटीतलं, म्हणजे बाऊलमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागं पिवळा चिकट थर उरतो, त्यात नीडल अडकते. रबरी ओ-रिंग सुकून आकसते. शिवाय आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलात हवेतली ओल मुरते, टाकीला आतून गंज धरतो आणि त्याचा एखादा कण थेट नीडलच्या सीटवर, म्हणजे नीडल टेकून भोक बंद करते त्या जागेवर, जाऊन बसतो.

आधी कार्बोरेटर कोरडा पुसा, कॉक ऑन करा आणि बघा गळतंय कुठून. ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) पाईपमधून येत असेल तर नीडल नाहीतर फ्लोट (बाऊलमध्ये तरंगून नीडल वर-खाली करणारा तुकडा), बाऊलच्या जोडावरून झिरपत असेल तर गॅस्केट (जोडातलं पॅकिंग), आणि कॉकच्या लिव्हरपाशी ओलं असेल तर कॉकचा वॉशर, मग कार्बोरेटर खोलायची गरजच नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. फोर स्ट्रोक गाडी असेल तर किक मारायच्या आधी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वर चढलेली दिसली तर पेट्रोल इंजिनात उतरलंय, ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग खराब होतात.

आता काम. इंजिन थंड पाहिजे, जागा मोकळी, जवळ बिडी-सिगारेट किंवा गॅस गिझर नको. कॉक बंद करून ड्रेन स्क्रूने बाऊल रिकामा करा, कार्बोरेटर उतरवा, बाऊलचे स्क्रू दाब देऊन बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच खोला नाहीतर डोकी घसरतात. फ्लोटची पिन काढताना लई सांभाळून, ती ज्या दोन खांबांत असते ते ठिसूळ असतात, हातोडीने ठोकली आणि खांब तुटला तर मात्र खरंच नवीन कार्बोरेटर घ्यावा लागतो. पिन हलत नसेल तर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून तासभर तशीच ठेवा.

नीडलच्या टोकावरून नख फिरवा, गोल खाच लागली तर नीडल बदला, गॅस्केटसकट किट उद्यमनगरात किंवा जवळच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं, जुनी नीडल सोबत न्या म्हणजे माप चुकत नाही. सीट कानातल्या कापसाच्या काडीला थोडं पितळ पॉलिश लावून फिरवत साफ करा, नंतर क्लीनरने धुऊन टाका. स्प्रे मारायच्या आधी रबरी वस्तू सगळ्या बाहेर काढा, त्या फुगतात. जेटमध्ये (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं. फ्लोट कानापाशी हलवा, आत खळखळ आली तर तो फुटलाय.

बसवायच्या आधी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावा आणि हळूच फुंका, हवा अजिबात जायला नको, सुलटा केला की जायला पाहिजे. हे जमलं की कार्बोरेटर गाडीला बसवा, पारदर्शक नळी ड्रेनला लावून वर उभी धरा, ड्रेन स्क्रू थोडा सैल करा आणि कॉक ऑन करून नळीतली लेव्हल बघा, बहुतेक गाड्यांत ती बाऊलच्या जोडाच्या थोडी खाली थांबते. वर जात असेल तर फ्लोटची नीडलला टेकणारी पितळी पट्टी अगदी केसभर वाकवून परत बघायचं, पट्टी प्लास्टिकची असेल तर वाकवायची नाही, फ्लोटच बदलायचा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि कॉकची जाळी धुवा, नाहीतर तोच गंज परत सीटवर येतो. पुढच्या पावसाळ्यात गाडी लावताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, उरलेलं ड्रेनने काढून घ्या.