शाई सुटली नाही म्हणून मी निर्धास्त झाले आणि तिथेच फसले

म्युझियममधल्या कन्झर्व्हेशनच्या, म्हणजे जुन्या वस्तू जपण्या-दुरुस्त करण्याच्या, कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. ह्युमिडिटी, कागद-कापडावर जास्तीत जास्त ५० लक्स उजेड, ॲसिड-फ्री बॉक्स हे सगळं तुम्हाला शिकवलेलं असतंच. मी जिथे चुकले तेवढंच सांगते, आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

मायफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांच्या शाईने लिहिलेलं हस्तलिखित होतं. एका पानाला दोन बोटं लांब चीर, तीन ओळींमधून गेलेली. शाईवर पाण्याचा बारीक थेंब ठेवला, ब्लॉटर (टिपकागद) दाबला, ब्लॉटर कोरा. "शाई सुटत नाही" असं नोंदीत लिहिलं आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, बसवला, वर वजन ठेवलं. जोड शोधूनही सापडणार नाही इतका सुबक झाला. दीड वर्षाने पान उघडलं तर टिश्यूच्या कडेकडेने तपकिरी रेघ, आणि तिथला कागद कडक झालेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. रंग सुटणं वेगळं आणि लोखंड सुटणं वेगळं! शाईत हिराकस जास्त पडलेला असेल तर आयर्न टू आयन्स, म्हणजे लोखंडाचे विद्युतभारित कण, मोकळे उरतात, ते पाण्यात विरघळतात, ओल मिळाली की शाईतून निघून शेजारच्या कोऱ्या कागदात शिरतात आणि तिथलं सेल्युलोज (कागदाचा मूळ तंतू) खराब करायला लागतात. त्या वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही, मग ब्लॉटरवर काय दिसणार?

त्यासाठी बॅथोफेनँथ्रोलिनच्या, म्हणजे अशा मोकळ्या लोखंडाने रंगणाऱ्या रसायनाच्या, टेस्ट पट्ट्या असतात. छोटा तुकडा कापायचा, डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकायचा, जास्तीचं पाणी ब्लॉटरने टिपून घ्यायचं (हे विसरलात तर टेस्टच ओघळ पाडेल), शाईवर अर्धा मिनिट दाबून धरायचा. गुलाबी-किरमिजी रंग आला की लोखंड मोकळं आहे. मग ओली खळ नाहीच. टिश्यूला आधी जिलेटिन लावून पूर्ण वाळवायचं, वापरताना ओलसर स्पंजवर क्षणभर टेकवून जेमतेम दमट करायचं आणि बसवायचं. हेही आधी टेस्ट पट्टीवर तशाच शाईची रेघ ओढून तिच्यावर करून बघा, लोखंड सरकावण्याइतकी ओल राहिली तर तिथेच कळेल.

कापडाचं थोडक्यात. कथिलाचे क्षार भरून जड केलेलं जुनं रेशीम घडीवरच तडकतं, त्यात सुई घालायच्या आधी शंभरदा विचार करा. आणि एकदा धुतलेलं कापड परत न धुतलेलं होत नाही, मळाबरोबर पुरावाही जातो.

व्हिडिओ बघून आणि दोन दिवसांच्या वर्कशॉपवर मूळ वस्तूला हात लावू नका, अजिबात नाही. गुरू असा शोधा जो ब्रश देण्याआधी "हे का करायचंय?" विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर ब्रश देत नाही. मला असा माणूस उशिरा भेटला.

हात थरथरतो म्हणून मात्र घाबरू नका, तो रद्दी कागदावर रोज सराव करून खरंच बसतो. माझाही बसला.

ते पान परत सोडवायचं नाही असं आम्ही ठरवलं, सोडवायला पुन्हा ओल द्यावी लागली असती. दरवर्षी त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून मी त्याचा फोटो काढते आणि मागच्या फोटोशेजारी ठेवून ती रेघ मोजते.