लीड मधेच गेला, तारीख हुकली: गेम कसा सांभाळायचा

आमचा गेम बाहेर काढायची पहिली तारीख गणपतीची होती, दुसरी दिवाळीची. तिसरी पाडव्याची ठरली, आणि पाडव्याला पंधरा दिवस उरले असताना आमचा लीड, म्हणजे सगळं काम चालवणारा, बेंगळुरूला नोकरी लागली म्हणून गेला. भांडण नाही, तंटा नाही. शनिवारी रात्री त्याने लॅपटॉप आणि चार्जर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अक्का, सगळं त्यातच आहे की."

सगळं त्यात नव्हतं. जे नव्हतं ते कसं मिळवायचं, हे पुढच्या वर्षभरात ठेचा खात शिकले, तेच इथे लिहिते. आम्ही चौघं, सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांच्या पॅटर्नच्या (ओतकामाच्या नमुन्यांच्या) दुकानावरच्या माळ्यावर रविवारी बसतो. गेम म्हणजे भीमगडच्या रानातून बेळगावच्या किल्ल्यापर्यंत निरोप नेणाऱ्या जासुदाचा आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, संवाद मराठीत आणि कन्नडात.

पहिलं काम: दोन आठवडे कशालाही हात लावायचा नाही. नवा लीड झालं की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवले. आमच्या गेममध्ये एक लांबलचक खिंड होती. जासूद त्यातून नुसता चालतो. शत्रू नाही, खजिना नाही, दोन वटवाघळं उडतात तेवढंच. खेळून बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हे कशाला?" मी पहिल्याच रविवारी ती निम्मी कापली. त्या संध्याकाळी गेम खिंडीच्या तोंडाशी अडकायला लागला. चित्र थिजायचं, आवाज पुढे जायचा, आणि जुन्या मोबाइलवर तर गेम बंदच पडायचा. तीन रविवार आम्ही आवाजाच्या फायली तपासत बसलो. शेवटी कळलं की जासूद खिंडीतून चालत असताना आतल्या आत पुढचं अख्खं गाव मेमरीत भरलं जात होतं. ती खिंड रस्ता नव्हतीच, पडदा होता. मोठमोठ्या गेममध्ये लिफ्ट, अरुंद बोळ, हळू उघडणारे दरवाजे याचसाठी असतात. मला हे वाचून माहीत होतं, पण आपल्याच माळ्यावर कुणी ते केलं असेल असं डोक्यात आलं नाही. त्याने ते कुठेही लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे 'का'ची वही आहे. गेममध्ये काय आहे ते गेममध्ये दिसतंच. वहीत लिहायचं ते न दिसणारं: कशाला नाही म्हटलं, आणि का. एक नोंद जशी आहे तशी देते: "पान ३. खिंड. लांबी कमी करू नये, मागे गाव लोड होतंय. वटवाघळं काढली तर चालेल." एवढं पुरतं. दहा पानी दस्तऐवज लिहायला बसलात तर तो कुणी पुरा करत नाही, आणि केला तर कुणी वाचत नाही.

गेलेल्या माणसाकडून माहिती काढायचीही रीत आहे. त्याला "सगळं समजावून सांग" म्हणू नका, तो स्वतःला आठवतं तेवढंच सांगेल. व्हिडिओ कॉल लावा, स्क्रीन त्याला दिसू दे, आणि तुम्ही खेळत जा. जिथे काही विचित्र दिसेल तिथे थांबा आणि विचारा. आमच्या अशा तीन बैठका झाल्या, दोन-दोन तासांच्या, रेकॉर्ड करून ठेवलेल्या. हे पहिल्या महिन्यातच करा. नंतर तो नव्या नोकरीत रमतो, विसरतो, आणि आपल्यालाही फोन करायला संकोच वाटू लागतो.

आता सगळ्यात महागाची चूक. नव्या लीडला वाटतं, आपण गेमचा पिंडच बदलावा. मला पाळीपाळीची लढाई काढून थेट हातघाईची लढाई आणायची होती. मग बायोवेअर कंपनीचा 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' हा गेम कसा झाला ते आठवलं. आधीचा आराखडा २०१७ मध्ये गुंडाळला आणि त्याचे प्रमुख माइक लेडलॉ बाहेर पडले. मग गेम ऑनलाइन चालणाऱ्या, अनेकांनी मिळून खेळायच्या वळणावर गेला. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे प्रमुख केसी हडसन आणि गेमचे निर्माते मार्क डॅरा गेले. २०२१ मध्ये तो परत एकट्याने खेळायच्या मूळ वाटेवर आला, पण त्याच वर्षी गेमचे नवे प्रमुख मॅट गोल्डमन गेले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत निर्माते ख्रिश्चन डेली. गेम बाहेर पडला ३१ ऑक्टोबर २०२४ ला. माणसं जाणं कुणाच्या हातात नसतं. पण पिंड दोनदा बदलला की आधीच्या कामातलं किती टाकून द्यावं लागतं, हे प्रत्येक लहान टीमने डोळ्यांसमोर ठेवावं.

म्हणून मी हिशोब मांडला. आमच्या ३८ लढाया, प्रत्येकीची हालचाल नव्याने काढायची म्हणजे खानापूरच्या आमच्या चित्रकाराचे किती रविवार? आकडा बघून तोच म्हणाला, "अक्का, मी तेवढ्यात एक घर बांधीन." लढाई पाळीपाळीचीच राहिली. तुम्हीही असा बदल मनात आला की आधी ज्याच्या हातून ते काम होणार आहे त्याला विचारा, आपल्या उत्साहाला नको.

तारखेचं सांगते. वडील पॅटर्न बनवतात. त्यांची पट्टी आपल्या पट्टीसारखी नसते, तिच्यावरचे मिलिमीटर किंचित मोठे असतात. बीड (ओतीव लोखंड) ओतलं की थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे १० मिलिमीटर मोठा करायचा. ॲल्युमिनियमला वेगळी पट्टी, पोलादाला वेगळी. सरसकट 'थोडं जास्त धरा' असं फौंड्रीत कुणी म्हणत नाही, कुठला धातू ते आधी विचारतात. टीमचंही तसंच आहे. मागच्या पाच क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, काढा. प्रत्येकीला किती दिवस लागतील असं म्हणाला होतात आणि किती लागले, ते शेजारी-शेजारी लिहा. आमचं निघालं सहाला अकरा. मग पुढचा प्रत्येक अंदाज त्याच पटीने वाढवायचा, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. ही तुमची पट्टी, दुसऱ्या टीमची उसनी घेऊ नका.

आणि 'झालं' म्हणजे काय ते आधी ठरवा. आमच्याकडे क्वेस्ट तेव्हाच झाली, जेव्हा टीमबाहेरच्या कुणीतरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन्ही भाषांत खेळली. हा नियम यायचं कारण कन्नड. मराठी वाक्य चौकटीत नीट बसायचं. कन्नड जोडाक्षरांतलं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याचा तळ चौकटीच्या कडेने कापला जायचा. आमच्यातल्या कुणाला दिसलं नाही, कारण आम्ही सगळे मराठीतच तपासत होतो. शेजारच्या काकूंच्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं. सगळ्या चौकटींची उंची वाढवायला दोन रविवार गेले.

उशीर जाहीर कसा करायचा? 'सायबरपंक २०७७' या गेमची तारीख १६ एप्रिल २०२० होती. ती १७ सप्टेंबर झाली, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम तयार झाला असं कंपनीने सांगितलं आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला पुन्हा २१ दिवस पुढे ढकलला. १० डिसेंबरला आला, तर जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर) इतका लंगडा की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढला; परत दिसला तो जून २०२१ मध्ये. यातून मी एकच घेतलं: उशीर सांगताना त्याच दमात नवी तारीख सांगायची नाही. "पाडव्याला येत नाही, शेवटच्या क्वेस्ट झाल्या की तारीख देऊ" एवढंच. आम्हाला आगाऊ पैसे दिलेले एक गृहस्थ यावर फार चिडले, महिनाभर फोन करत राहिले. त्यांना दर महिन्याला खेळता येईल असा तुकडा पाठवायला लागलो. चिडणं थांबलं नाही, पण फोन गेमबद्दल यायला लागले.

उशिरा चाललेल्या कामात शेवटी-शेवटी नवी माणसं घेऊ नका. आम्ही एकाला घेतलं, त्याला शिकवण्यात माझेच चार रविवार गेले. बस, याबद्दल एवढंच.

राहिलं श्रेय. 'फायनल फँटसी बारा' हा गेम करताना त्याचे दिग्दर्शक यासुमी मात्सुनो २००५ मध्ये आजारपणामुळे बाजूला झाले. हिरोयुकी इतो आणि हिरोशी मिनागावा यांनी दिग्दर्शन पुरं केलं आणि मार्च २००६ मध्ये गेम जपानात आला. कथेच्या मूळ आराखड्याचं श्रेय मात्सुनोंच्याच नावावर राहिलं. गेलेल्याचं नाव कुठे येणार, त्याच्यापुढे काय लिहिणार आणि गेम विकला तर त्याचा वाटा किती, हे बोलणं चांगलं असेपर्यंतच कागदावर आणा. पैसे आल्यावर हे बोलणं अवघड जातं, मैत्रीत तर जास्तच. आमचं अजून व्हायचंय. तो गणपतीला घरी येतोय, कागद मी टाइप करून ठेवलाय, वाट्याच्या आकड्याची जागा तेवढी मोकळी सोडली आहे.