सायकलच्या टायरात हवा किती भरायची?

नवीन सायकल घेतली की पहिला घोळ हवेचा. अंगठ्याने दाबून अंदाज घेतला तर चाळीस आणि साठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दोन्ही सारखेच कडक लागतात. त्यापेक्षा असं करा:

१. टायरच्या कडेला रबरातच उठावात आकडे असतात, उदाहरणार्थ ४०–६५ पीएसआय. धुळीत दिसत नाहीत. ओलं फडकं फिरवा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा.

२. दाब दाखवणारा काटा असलेल्या उभ्या पंपाने मधला आकडा गाठा, इथे साधारण ५०. वजन जास्त असेल किंवा कॅरिअरवर सामान असेल तर थोडी जास्त.

३. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा चारपाच पीएसआय कमी. वजन मागेच जास्त पडतं.

मग नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. खड्ड्यात रिम ठक्कन आपटली तर पाच वाढवा. हँडल सारखं थरथरून हाताला मुंग्या आल्या तर पाच कमी करा. जमलेला आकडा फ्रेमवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तपासा. सायकल नुसती उभी असली तरी हवा उतरतेच. पंक्चर काढताना ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काट्याखिळ्याला दोष देऊ नका, बहुधा हवाच कमी होती.

पेट्रोल पंपावरची हवा शक्यतो टाळा. सायकलची ट्यूब छोटी, काही सेकंदांत मर्यादा ओलांडते आणि फुटते.