टेबलावरचा पसारा: सगळा आवरू नका, निम्मा आवरा

लिहिताना अडण्याचं कारण दर वेळी डोक्यातच नसतं, टेबलावरही असतं. २०१३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस यांच्या प्रयोगात पसारा असलेल्या खोलीत बसलेल्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे जास्त कल्पक उपयोग सुचले होते. पण तिथे नुसतं सुचवायचं होतं, सलग हजार शब्द लिहायचे नव्हते!

माझा तोडगा असा: पहिला खर्डा होईपर्यंत कात्रणं, चिठ्ठ्या, पुस्तकं डाव्या हाताला पसरलेलीच. समोरची दीड-दोन फूट जागा मात्र मोकळी. तिथे फक्त वही आणि पेन. पुनर्लेखनाला बसताना डावीकडचा ढीग जसाच्या तसा खोक्यात, वर लेखाचं नाव आणि तारीख.

गडबड होते ती ढीग विषयवार लावायला घेतला की. सकाळ त्यातच जाते, शिवाय योगायोगाने शेजारी पडून एकमेकांशी जुळलेले कागद वेगळे होतात. उघडं पुस्तक पालथं ठेवू नका, बांधणी उसवते. पानात चिठ्ठी घाला आणि ती कशासाठी घातली ते चिठ्ठीवरच लिहा, नाहीतर आठवड्याने काही आठवत नाही.

बिलं, चार्जर, चहाचे कप हा पसारा कुठल्याच कामाचा नाही. तो रोज उठताना हलवायचा.